एकतीस गुणांचा गणपती

मी चित्रकला शिकवायला लागले ती माझ्या अक्षरामुळे. शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागेला मंजुरी आली नाही, आणि एका सोमवारी हेडसर माझ्या वर्गाच्या दाराशी उभे राहून फळ्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर वळणदार आहे. नववीची चित्रकला तुम्ही घ्या."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. त्यावर बी.एड. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे वरिष्ठांनी काही सांगितलं की ते आपल्याला येत असणारच, अशी माझी समजूत होती. मी "हो सर" म्हटलं. शिक्षणसेवक म्हणून माझं ते तिसरं वर्ष होतं. ते श्रावणात पुरं होत होतं. तेव्हा शाळा समितीने ठराव केला की मी कायम होणार, नाही केला तर घरी जाणार. देवरूखच्या पुढे डोंगरातल्या आमच्या गावी मी शनिवारी एसटीने गेले की वडील आधी पिशवी हातातून घ्यायचे आणि मग विचारायचे, "झालीस कायम?" त्यांना वाटायचं, ते एखाद्या शनिवारी अचानक होतं.

शाळा पालीच्या अलीकडे, सड्यावर. आसपास आंब्याच्या बागा. अभ्यासक्रमात चित्रं काढण्याबरोबर 'कलाकृतीचा रसास्वाद' असा एक भाग होता. आधीचे सर तो भाग कसा घ्यायचे म्हणून मी मुलांना विचारलं. "सर म्हणायचे, वाचून या," मुलं म्हणाली.

मी नीट तयारी केली. रत्नागिरीच्या वाचनालयातून चित्रांबद्दलचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि दोन रविवार घालवून वहीत टिपणं काढली. आधी वर्णन करायचं, मग रचना बघायची, मग अर्थ, आणि शेवटी आपलं मत. शाळेत चित्रं नव्हती, म्हणून खताच्या दुकानातून मागून आणलेल्या जुन्या कॅलेंडरचं एक पान फळ्याला लावलं. त्यात एक धबधबा होता, दोन हरणं होती आणि मागे बर्फाचे डोंगर होते.

"लिहा," मी म्हटलं. "काय वाटतं ते लिहा."

अडतीस मुलांनी अडतीस वेळा एकच लिहिलं. 'हे चित्र फार सुंदर आहे. त्यातील रंग छान आहेत. या चित्रातून आपल्याला बोध मिळतो.' बोध मात्र वेगवेगळे होते. कोणाला पाणी अडवा, पाणी जिरवा असा मिळाला होता, कोणाला मुक्या प्राण्यांवर प्रेम करा असा. एकाने 'एकीचे बळ' लिहिलं होतं. हरणं दोन होती म्हणून.

पुढच्या तासाला मी 'सुंदर', 'छान' आणि 'बोध' या तीन शब्दांवर बंदी घातली. त्या तासाला कोणीच काही लिहिलं नाही. पेनं उघडी ठेवून सगळे माझ्याकडे बघत बसले. एक मुलगा शेवटी उठून म्हणाला, "बाई, ह्यातला एक तरी शब्द परत द्या."

मी कॅलेंडर उतरवायला लागले तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला हळू आवाजात म्हणाली, "हा आंबा असता तर बाजूलाच काढला असता." तिचे आईवडील दोघंही बागायतदाराकडे पेट्या भरायच्या कामाला जायचे, आणि सुट्टीत तीही जायची.

"का काढला असतास?" मी विचारलं.

ती घाबरून उभी राहिली. पण आंब्याबद्दल विचारलंय म्हटल्यावर बोलायला लागली. "बाई, वरचा रंग जास्तीच चकचकीत आहे. असा असला की संशय येतो. बाहेरून बरा, पण आत साका असतो."

साका म्हणजे हापूसच्या आतला पांढरा, बेचव भाग. कापल्याशिवाय दिसत नाही. वर्गातल्या प्रत्येकाच्या घरात साक्याने कोणाचं ना कोणाचं नुकसान केलेलं होतं. सगळे एकदम बोलायला लागले. हरणांचे पाय जमिनीला टेकलेलेच नाहीत. बर्फ आहे तर झाडं एवढी हिरवी कशी? धबधबा सांडतोय, पण खाली पाणी साठलेलं कुठे दिसत नाही, मग जातं कुठे? मी फळ्यावर लिहून घेता घेता खडू संपला. ते जाडजूड पुस्तक जे सांगत होतं तेच ही मुलं सांगत होती, आणि तेही आंबे निवडायच्या भाषेत. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. शिक्षिका म्हणून एवढा आनंद मला त्याआधी झालेला नव्हता आणि त्याच आनंदात मी पुढची चूक केली.

खरी कलाकृती दाखवायची तर कुठे दाखवणार? आमच्या भागात संग्रहालय नाही. पण श्रावण लागला होता आणि शाळेपासून वीस मिनिटांच्या चालीवर गणपतीचा कारखाना होता. तिथले मूर्तिकार आजोबा सत्तरीचे होते आणि त्यांचे वडीलही तेच काम करायचे. आमच्याकडे मूर्ती दुकानातून निवडून आणत नाहीत. आषाढातच घरोघरचा लाकडी पाट मूर्तिकाराकडे पोचवायचा, त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो. पाटाच्या कडेला रंगाने घराचं आडनाव लिहिलेलं असतं. तेव्हा कारखान्याच्या त्या मांडवात फक्त चिखल आणि रंग नव्हता, सगळं गाव ओळीने बसलेलं होतं. हे मला कळायला हवं होतं. माझ्या गावीही पाट देतातच की.

मी आजोबांना आधी जाऊन विचारलं. "मुलांनी मूर्तींबद्दल मतं लिहिली तर चालेल का? म्हणजे गुणदोष."

"डोळे आखीपर्यंत ती माती," आजोबा म्हणाले. "डोळे आखले की देव. त्याच्या आत काय बोलायचं ते बोला. मला पण कोणी कधी सांगितलं नाय. सगळे म्हणतात, छान झालाय."

तो शब्द ऐकून मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

शनिवारी अडतीस मुलांना घेऊन गेले. प्रत्येकाला एक मूर्ती वाटून दिली. अंगाचे रंग झालेले होते, डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं होतं. मी तक्ता करून दिला होता: प्रमाण, रंग, घडण, सफाई, प्रत्येकी पंचवीस गुण, एकूण शंभर. कागद कमी पडू नयेत म्हणून परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्या नेल्या होत्या. पुरवणीवर वरच्या कोपऱ्यात शाळेचा गोल शिक्का असतो. मुलं मूर्तींसमोर उकिडवी बसून, मान वाकडी करून, एक डोळा मिटून बघत होती. आजोबा रंगाची वाटी हातात घेऊन त्यांच्यात फिरत होते. पेपरात सुपरवायझर फिरतात तसे, पण कॉपी करायला आल्यासारखे.

रविवारी मी सगळ्या पुरवण्या वाचल्या. असं लिखाण मी मुलांकडून कधी वाचलं नव्हतं. 'उंदीर लाडूकडे बघत नसून भिंतीकडे बघतो.' 'पितांबर ओला वाटतो, हे चांगले आहे.' 'पोट बरोबर आहे, पण बसल्यावर पोटाला वळी पडते ती नाही.' मी प्रत्येक पुरवणीवर लाल शाईने 'तपासले' लिहून सही केली, आणि आजोबांनी मागितल्या होत्या म्हणून सोमवारी त्यांना नेऊन दिल्या. त्यांना वाचताना त्रास व्हायचा. त्यांच्या सुनेने वाचून दाखवल्या, आणि कोणती कोणाची ते कळावं म्हणून ज्या त्या पाटाला टाचणीने लावून ठेवल्या.

त्या दिवसांत लोक संध्याकाळी कारखान्यात डोकावून जातात. आपला कुठवर आलाय ते बघायला.

बुधवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी सात माणसं उभी होती. मला बघून पुढचा म्हणाला, "काय वो बाई, आमच्या गणपतीक चवेचाळीस, आणि वरच्या वाडीवाल्यांच्या गणपतीक सत्तावन?"

मी म्हटलं, "अहो, ते मुलांचं मत आहे."

"मत कसला? शाळेचा शिक्का हाय. खाली तुमची सही हाय. तपासले असा लिवलाव."

आधी कळलं असतं तर मी रात्रभर ज्या गोष्टीची धास्ती घेतली असती ती गोष्ट कोणी बोललंच नाही. देवाला गुण दिले म्हणून एकही माणूस रागावला नव्हता. सगळे रागावले होते ते कमी दिले म्हणून. दुपारपर्यंत हेडसरांच्या टेबलावर अकरा अर्ज आले. 'विषय: आमचे घरच्या गणपतीचे फेरमूल्यांकन करून मिळणेबाबत.' हेडसर नियमाचे पक्के. त्यांनी क्लार्कला बोलावून सगळे अर्ज आवक रजिस्टरला नोंदवायला लावले आणि मग माझ्याकडे वळले.

"बाई, ग्रेस गुणांची काही तरतूद ठेवली होती का तुम्ही?"

"नाही सर."

"ठेवायला हवी होती. नापास किती?"

"एकच."

"कोणाचा?"

मी अर्जांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. सरांनी अर्ज चाळले. सर्वांत खाली जाड कागदावर, टाइप केलेला, शाळा समितीच्या अध्यक्षांचा अर्ज होता. त्यांच्या गणपतीला एकतीस गुण होते.

अध्यक्ष म्हणजे परिसरातले जुने बागायतदार. शाळेची जमीन त्यांच्या वडिलांनी दिलेली. वाईट माणूस नव्हे. दरवर्षी दहावीच्या मुलांना पेन वाटायचे आणि प्रत्येकाचं नाव विचारायचे. त्यांच्या पुरवणीवर आंबे निवडणाऱ्या त्या मुलीचं अक्षर होतं. 'उजवा हात दंडापाशी सुजल्यासारखा आहे. प्रमाण: ४. रंग: ९. घडण: ८. सफाई: १०. दुखणे जुने असावे.'

समितीची बैठक सोमवारी होती. विषयपत्रिकेवर चौथा विषय मी होते.

हेडसरांनी फोन लावला, बराच वेळ "हो, हो" म्हणाले, आणि ठेवून सांगितलं, "शुक्रवारी चार वाजता कारखान्यात फेरतपासणी. अध्यक्ष स्वतः येणार. मूर्तिकार म्हणतात शनिवारी डोळे आखायला घेणार, त्यानंतर मार्काची भाषा चालणार नाही. तेव्हा जे वाढायचं ते शुक्रवारी वाढलं पाहिजे." जरा थांबून ते म्हणाले, "बाई, तुम्ही समजूतदार आहात."

गुरुवारी मी कारखान्यात गेले. आजोबा आनंदात होते. त्यांनी उंदराची मान वळवली होती, एका पोटाला वळी पाडली होती, आणि अध्यक्षांच्या गणपतीचा दंड तासून दुसऱ्या हाताएवढा केला होता. वर नवा रंगही दिला होता. "पोरगी हुशार हाय," ते म्हणाले. "बरोब्बर धरलान."

माझा जीव भांड्यात पडला. हात दुरुस्त झाला म्हणजे गुण वाढणारच. खोटं काही करायला नको. तरी खात्री करावी म्हणून शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला व्हरांड्यात थांबवलं.

"हात आता नीट केलाय आजोबांनी," मी म्हटलं. "तेव्हा तू पुन्हा बघ. गुण वाढायला हरकत नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. कुचेष्टा नव्हती त्यात. कामाची सूचना पक्की करून घेताना बघतात तसं. "बाई, बघू की वाढवू?"

इतक्या दिवसांची तयारी, ते जाडजूड पुस्तक, बंदी घातलेले तीन शब्द, आणि मी तिला व्हरांड्यात उभं करून नेमकं काय सांगत होते? दुसरीकडे वडिलांचा शनिवारचा प्रश्नही डोक्यात होता. ती वाट बघत होती. शेवटी मी म्हटलं, "बघ."

"बरं," ती म्हणाली आणि डबा धुवायला नळावर गेली. तिला ते उत्तर पुरलं.

चार वाजता कारखान्यात उभं राहायला जागा नव्हती. अर्जदार आपापल्या पाटामागे उभे होते, पालक मुलाच्या मागे उभे राहतात तसे. हेडसरांनी अर्जांची फाइल आणली होती. अध्यक्ष आले, छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि आपल्या मूर्तीपुढे जाऊन थांबले. थांबले ते थांबलेच.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच," आजोबा म्हणाले. "पाट बघा."

"पाट आमचा आहे. गणपती कोणाचा? हात कुठे गेला?"

"बारीक केला. पोरीन लिवलान ना, सुजलाय म्हणून."

"अहो, सुजलाच होता तो!" अध्यक्षांचा आवाज चढला. "माझ्या आजोबांपासून आमच्या गणपतीचा हात तसाच. मुंबईहून पोरं येतात ती आधी तो हात बघतात. मी गुण वाढवायला सांगितले होते, हात कापायला नव्हे!"

"तो माझ्या बापान तुमच्यासाठी केलेल्या साच्याला तडा होता," आजोबा म्हणाले. आता त्यांचाही आवाज चढला. "तड्यात माती जास्तीची बसायची. पन्नास वर्षं मी त्यो तडा सांभाळलाय. तुम्ही कधी बोललाव नाय, मी कसा बोलणार?"

हेडसर मध्ये पडले. "आधी फेरतपासणी उरकू. प्रक्रिया सुरू झालेली आहे."

त्या मुलीला पुढे बोलावलं. ती उकिडवी बसली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग उठून दारापर्यंत मागे गेली. माणसं वाट देत बाजूला झाली. तिथून एक डोळा मिटून बघितलं. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं आणि ती एकटीच गणपतीकडे बघत होती. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट धरलं होतं. तिने परत येऊन पुरवणीवर लिहिलं आणि कागद हेडसरांना दिला.

हेडसरांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "एकोणतीस," ते म्हणाले.

हेडसर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेरीज चुकली असेल."

"नाही सर," ती म्हणाली. "हात बरोबर झाला म्हणून प्रमाणाचे सहा वाढवले. बाकी तिन्हीतले मिळून आठ कमी केले."

"का पण?" हे अध्यक्षांनी विचारलं.

"त्या हाताकडे बघून बाकीचा केलेला होता तो," ती म्हणाली. "मान त्या बाजूला झुकलीय, सोंड पण तिकडेच. वजन पेलल्यासारखं वाटायचं. आता हात बारीक झाला, तर मान उगाचच वाकडी दिसते. आधी लांबून बघितलं तरी कळायचा, हा तुमचा. आता शेजारच्यासारखा झालाय." मग जरा विचार करून तिने भर घातली, "आधी पण नापासच होता. पण आता जास्ती."

मी मनात देवरूखची शेवटची गाडी कितीची ते आठवायला लागले.

अध्यक्ष बराच वेळ मूर्तीकडे बघत होते. मग त्यांनी हळूहळू मान आपणच त्या बाजूला कलवून बघितली. आजोबांनीही कलवली. मग मागच्या दोघातिघांनी.

"आधी किती होते?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकतीस," हेडसर म्हणाले.

"आता एकोणतीस. म्हणजे आमचा जुना हात दोन गुणांनी सरस." ते सगळ्यांकडे वळले. चेहऱ्यावर निकाल लागलेल्या मुलासारखा उजेड होता. "मी म्हणत नव्हतो? पोरीला कळतं. हेडसर, लिहून घ्या. आणि आजोबा, तो हात होता तसा करा. आजच्या आज."

आजोबांनी तिथल्या तिथे कागदाचा लगदा आणि माती कालवायला घेतली. अध्यक्ष शेजारी पाट ओढून बसले आणि "अजून थोडा, अजून थोडा" म्हणत राहिले. मुलगी दुसऱ्या बाजूला उभी राहून, जास्त झालं की "बस" म्हणत होती. दोघांचं दोनदा भांडणही झालं. बाकीच्या दहा अर्जांचं कोणाला काही पडलं नव्हतं. दहापैकी सहा जणांनी तर आपले गुण आहेत तेच बरे आहेत, उगाच तपासायला नकोत, म्हणून अर्ज मागे घेतले.

सोमवारी बैठकीच्या वेळी मी स्टाफरूममध्ये वह्या पुढ्यात घेऊन बसले होते. एकही वही उघडली नाही. शिपाई बोलवायला आला तेव्हा उठताना खुर्ची पडली.

आत समितीचे पाच सदस्य चहा घेत होते. अध्यक्ष म्हणाले, "बसा बाई. तुम्ही मुलांना हे काय शिकवता, ते समितीला सांगा."

मी खूप काही पाठ करून गेले होते. रसास्वाद, सौंदर्यदृष्टी, असं. त्यातलं काही आठवेना. "बघायला शिकवते," मी म्हटलं.

"आणि ते बोलतात ते?"

"ते मी शिकवलेलं नाही. ते त्यांना आधीपासून येत होतं."

एक सदस्य हसले. अध्यक्षांनी हेडसरांना खूण केली आणि हेडसरांनी ठराव वाचला. मला सेवेत कायम करण्याची शिफारस होत होती. त्याखाली दुसरं वाक्य होतं: यापुढे दरवर्षी श्रावणात नववीने मूर्तींचे मूल्यांकन करावे, ते डोळे आखण्यापूर्वी व्हावे, आणि कोणत्याही घरच्या गणपतीस पस्तीसपेक्षा कमी गुण देण्यात येऊ नयेत.

"मान्य आहे ना?" अध्यक्षांनी विचारलं. "आमच्या गणपतीचे या वर्षी एकतीसच राहू देत. ते माझं मी बघतो. पण पुढे गावात कोणाचा देव नापास व्हायला नको."

मी मान्य आहे म्हटलं आणि सही केली. घाईत केलेली ती सही माझी वाटतच नव्हती. ज्या अक्षरामुळे मी इथवर आले ते नेमकं त्या दिवशी बिघडलं. वडिलांना सांगायला मी शनिवारपर्यंत थांबले नाही. आमच्या शेजारच्या गावातल्या दुकानात फोन करून निरोप ठेवला. त्यांना तो मिळाला तेव्हा त्यांनी दुकानदाराला दोनदा विचारलं म्हणे, "कायमच म्हणाली ना?"

मंगळवारी चित्रकलेच्या तासाला मी वर्गाला ठराव वाचून दाखवला. मुलांपासून लपवायचं नाही असं मी आदल्या रात्रीच ठरवलं होतं, आणि सही केल्याची लाज वाटत होती तीही सांगून टाकली. पहिले पस्तीस गुण आता सगळ्यांना मिळणार, म्हटलं. माझ्यामुळे तुम्हाला एवढं खोटं लिहावं लागणार.

वर्गात थोडी कुजबुज झाली. मग ती मुलगी उभी राहिली.

"बाई, शंभरातले पस्तीस तसेच द्यायचे?"

"हो."

"मग राहिलेल्या पासष्टांचं खरं लिहायचं ना?"

मी म्हटलं, "हो. पासष्टांचं अगदी खरं लिहायचं."

"पुष्कळ झाले," ती म्हणाली, आणि खाली बसून वही उघडली.